हायब्रिड गाडी घेताय? कर कुठे वाचतो, कुठे परत मिळतो आणि कुठे नुसत्याच गोष्टी

सोयाबीन निघाले, कापसाचा पहिला वेचा झाला की आमच्या भागात गाड्यांची बोलणी सुरू होतात. हल्ली त्यात हायब्रिडचे नाव हटकून निघते. कारणही तसेच आहे. तालुक्याच्या ठिकाणी चार्जिंग स्टेशनचा भरवसा नाही, गावात लाइन कधी जाईल ते सांगता येत नाही आणि पेट्रोल तर परवडत नाही. मग पेट्रोलवर चालणारी, पण निम्मा भार बॅटरीवर टाकणारी गाडी बरी वाटते. इथपर्यंत सगळे ठीक. घोळ होतो तो पानटपरीवर कोणी सांगतो तेव्हा: "हायब्रिडच घे ना भाऊ, इन्कम टॅक्समध्ये दीड लाखाची सूट भेटते."

भेटत नाही. हायब्रिड आहे म्हणून आयकरात एक रुपयाचीही वेगळी वजावट आपल्या देशात नाही. तरीही गाडी घेताना कराचे काही पैसे खरोखर परत मिळतात, आणि तेच पैसे कित्येक कास्तकार सरकारकडे तसेच सोडून देतात. धंदा करणाऱ्याला त्याहून जास्त मिळू शकते, फक्त त्याचा धंदा कागदावर कसा दिसतो त्यावर ते ठरते. हे सगळे क्रमाने पाहू.

पायरी १: दारात येणारी गाडी नेमकी कोणती

हायब्रिड म्हणून तीन जातीच्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी इंजिनाला थोडा हात देते, पण गाडी नुसत्या बॅटरीवर चालत नाही. मागच्या दारावर "स्मार्ट हायब्रिड" असा बिल्ला असतो तो बहुतेक हाच प्रकार. स्ट्राँग हायब्रिड कमी वेगात काही अंतर बॅटरीवर जाते आणि ब्रेक मारताना, उतारावर स्वतःच चार्ज होते. मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस आणि होंडा सिटी यांची हायब्रिड मॉडेले या प्रकारातली. तिसरी प्लग-इन, म्हणजे घरच्या प्लगवरही चार्ज होणारी. ती आपल्याकडे महागड्या परदेशी गाड्यांत मिळते, तिचा विचार इथे नको.

कराच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की या तिन्हींत पेट्रोलचे इंजिन असते. सरकारच्या कागदोपत्री विद्युत वाहन म्हणजे फक्त बॅटरीवर आणि फक्त विजेच्या मोटरवर चालणारे वाहन. इंजिन आले की ती गाडी त्या रांगेतून बाहेर.

पायरी २: ऐकीव सवलती डोक्यातून काढा

दीड लाखाची गोष्ट आली ती आयकर कायद्याच्या कलम ८०ईईबी मधून. विद्युत वाहनासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला १,५०,००० रुपयांपर्यंत वजावट, अशी ती तरतूद. पण तिला तीन कुलपे आहेत. गाडी पूर्ण विजेवरची हवी. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेले हवे. आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत हवे, कारण नव्या प्रणालीत ही वजावट मिळत नाही. ज्यांनी त्या मुदतीत विद्युत गाडीचे कर्ज घेतले ते आजही फेडीपर्यंत व्याज दाखवू शकतात. आज नवे कर्ज काढणाऱ्याला तिचा उपयोग नाही, गाडी विजेची असली तरी नाही आणि हायब्रिड असली तरी नाही.

यूट्यूबवर साडेसात हजार डॉलरच्या "टॅक्स क्रेडिट"चे व्हिडिओ फिरतात. ते अमेरिकेतले. प्लगवर चार्ज होणाऱ्या ठरावीक गाड्यांसाठी ते होते, आणि ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना तिथेही ते बंद झाले. आपल्याकडे केंद्राच्या फेम योजनेच्या पहिल्या टप्प्यात हायब्रिड गाड्यांना अनुदान होते, त्यात माइल्ड हायब्रिडचे ३१ मार्च २०१७ ला थांबवले. सध्याच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला काहीच नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणी कर माफ केला, त्या बातमीचे कात्रणही आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून फिरत असते. महाराष्ट्रात मोटार वाहन करातून माफी आहे ती विद्युत वाहनांना. समृद्धी महामार्गावरची टोलमाफी धरली आहे तीही विद्युत वाहनांसाठीच. हायब्रिडवाल्याने वर्धा, कारंजा किंवा मेहकरला उतरताना फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावी.

पायरी ३: कोटेशन ओळ-न्-ओळ वाचा

शोरूमवाला जो कागद देतो त्यात सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात "ऑन रोड" आकडा असतो आणि आपली नजर थेट तिथेच जाते. वरच्या ओळी वाचा, कर तिथे आहे.

पहिली ओळ एक्स-शोरूम. यात जीएसटी आधीच मिसळलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे दर असे: विद्युत गाडीला ५ टक्के, चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला, मग ती हायब्रिड असली तरी, १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. वर नावे घेतलेल्या स्ट्राँग हायब्रिड सगळ्या चार मीटरपेक्षा लांब आहेत, म्हणून त्यांना ४० टक्के. पूर्वी त्यांना २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के पडत. म्हणजे "जीएसटी कमी झाला" हे खरे, पण तीन टक्क्यांनी. दसऱ्याच्या जाहिरातीत दिसलेली मोठी घट छोट्या गाड्यांची होती. १६ लाखांच्या हायब्रिडमध्ये जवळपास साडेचार लाख रुपये जीएसटीचे असतात, हे एकदा वहीत मांडून बघाच.

आरटीओच्या ओळीत एकरकमी वाहन कर येतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. हायब्रिडला हाच दर. १६ लाखांवर साधारण १ लाख ९२ हजार. तेवढ्याच किमतीच्या विद्युत गाडीला ही ओळ कोरी राहते. ज्याचे रोजचे जाणे-येणे घर ते तालुका एवढेच आहे आणि अंगणात पक्के मीटर आहे, त्याने हा फरक पाहूनच हायब्रिडचा हट्ट धरावा, असे माझे मत. हायब्रिडचा फायदा पेट्रोलच्या बिलात आहे, कराच्या बिलात नाही.

मग येते ती ओळ जी कोणी समजावून सांगत नाही: टीसीएस, १ टक्का. १० लाखांहून जास्त किमतीची गाडी विकताना विक्रेत्याने पूर्ण किमतीवर एक टक्का गोळा करून तुमच्या पॅनवर आयकर खात्यात भरायचा, असा नियम २०१६ पासून आहे. १६ लाखांवर १६ हजार. हा वेगळा कर नाही. हा तुमचाच आगाऊ आयकर आहे. तुमचा कर तेवढा नसेल तर तो परत मिळतो. "टॅक्स क्रेडिट" म्हणावे असे हायब्रिड घेणाऱ्याच्या हाती खरोखर येते ते हेच.

विमा, फास्टॅग, कर्जाचा बोजा चढवण्याचे शुल्क या ओळी पुढे असतात. "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" अशा नावाने काही लावले असेल तर ते कशाचे, एवढे विचारा. विचारल्यावर पुष्कळदा ती ओळ गळून पडते.

पायरी ४: बिल कोणाच्या नावावर

इथे आपल्या घरांत खरा गुंता असतो. सातबारा वडिलांच्या नावावर, कर्ज नोकरी करणाऱ्या मुलाच्या पगारावर, कृषी केंद्राचा परवाना सुनेच्या नावावर, आणि गाडी "घरची". आयकराला घरची गाडी कळत नाही. बिलावर ज्याचा पॅन, त्याच्याच खात्यात टीसीएस जमा. घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीत दरवर्षी होणारी घट, आणि कर्जाचे व्याज धंद्याच्या खर्चात दाखवायचे असेल तर गाडीची मालकी आणि धंदा एकाच माणसाचा हवा.

म्हणून बुकिंगच्या आधी ठरवा. घरात कोणाचा करपात्र धंदा असेल आणि गाडी त्यासाठी फिरणार असेल, तर गाडी आणि कर्ज त्याच्या नावावर. धंदा नसेल तर ज्याचे आयकर विवरणपत्र दरवर्षी भरले जाते त्याच्या नावावर घेणे सोयीचे, कारण टीसीएस आपसूक वळता होतो. शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर गाडी घेताना मात्र जपून. कंपनीच्या नावावर वाहन कराचा दर २० टक्क्यांवर जातो.

पॅन आधारशी जोडलेला आहे ना, तेही याच टप्प्यावर तपासा. पॅन दिला नाही तर टीसीएस १ ऐवजी ५ टक्के, म्हणजे १६ लाखांच्या गाडीवर ८० हजार. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झाला असेल तरी तीच गत, आणि वर परतावाही अडकतो. म्हाताऱ्या माणसांचे पॅन पुष्कळदा असेच पडून असतात.

पायरी ५: टीसीएस परत मिळवा

गाडी घेतली त्या तिमाहीनंतर विक्रेता आयकर खात्याकडे पत्रक भरतो. एप्रिल ते जूनचे १५ जुलैपर्यंत, जुलै ते सप्टेंबरचे १५ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते डिसेंबरचे १५ जानेवारीपर्यंत आणि जानेवारी ते मार्चचे १५ मेपर्यंत. त्यानंतर पंधरा दिवसांत त्याने तुम्हाला फॉर्म २७डी हे प्रमाणपत्र द्यायचे असते. दिवाळीत गाडी घेतली असेल तर जानेवारीअखेर ते मागा. मागितल्याशिवाय फार कमी ठिकाणी मिळते.

त्याच सुमारास आयकराच्या पोर्टलवर जाऊन फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडा. टीसीएसच्या भागात विक्रेत्याचे नाव आणि रक्कम दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सेल्समनला फोन करून उपयोग नाही, त्याला यातले काही ठाऊक नसते. शोरूमच्या अकाउंट्स विभागाला बिलाची प्रत आणि पॅनची प्रत पाठवा. बहुतेक वेळा पॅनचे एखादे अक्षर चुकलेले असते आणि दुरुस्ती पत्रक भरले की नोंद उमटते. माझ्याकडे विवरणपत्रासाठी येणाऱ्यांपैकी एकाच्या गाडीचा टीसीएस असाच त्याच्या भावाच्या पॅनवर जाऊन बसला होता, कारण बुकिंगची पावती भावाने फाडली होती.

आता विवरणपत्र. पगारदार माणूस आयटीआर भरतोच, त्याने टीसीएसच्या तक्त्यात ही रक्कम आली आहे ना एवढे पाहायचे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी आणखी एक सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे: फॉर्म १२बीएए भरून पगार काढणाऱ्या कार्यालयात दिला की हा टीसीएस धरून पगारातून कमी कर कापता येतो. पैसे परताव्याची वाट न पाहता त्याच वर्षी पगारात मिळतात. कार्यालयात हा फॉर्म ठाऊक नसेल तर छापून घेऊन जा.

फक्त शेतीचे उत्पन्न असलेल्याचे काय? शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून बहुतेक कास्तकार विवरणपत्र भरत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचे १५-२० हजार रुपये तिथेच राहतात. "एकदा रिटर्न भरलं की दरसाल मागे लागतात" ही भीती मी पुष्कळ ऐकतो. तसे काही नाही. उत्पन्न करपात्र नसताना केवळ परताव्यासाठी विवरणपत्र भरता येते आणि पुढच्या वर्षी गरज नसेल तर भरू नये.

फॉर्म निवडताना लक्ष ठेवा. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ हजारांवर असेल तर आयटीआर-१ चालत नाही. धंदा नसलेल्या कास्तकाराने आयटीआर-२ भरायचा. त्यात करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात शेतीचे उत्पन्न आणि खर्च येतो. निव्वळ उत्पन्न ५ लाखांहून जास्त असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की ठोक्याने केलेली, ओलिताची की कोरडवाहू, हेही विचारतात. वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्यांना हा रकाना हमखास लागतो. सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या समोर ठेवूनच भरा. आकडा अंदाजे टाकू नका, कारण गाडीची खरेदी आयकर खात्याला आधीच दिसते आणि त्या मानाने उत्पन्न पटले पाहिजे. दूध, कुक्कुटपालन, ट्रॅक्टर भाड्याने देणे हे शेती उत्पन्न नाही. ते वेगळे दाखवावे लागते आणि तेव्हा फॉर्मही बदलतो.

गाडी २५ लाखांच्या वरची असेल, हायक्रॉस हायब्रिड सहज तिथे जाते, तर विवरणपत्र ऐच्छिक राहत नाही. वर्षात टीडीएस (पगार, व्याज वगैरेंतून आधीच कापलेला कर) आणि टीसीएस मिळून २५ हजार किंवा जास्त झाले की ते भरणे बंधनकारक आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा ५० हजार.

परतावा येतो तो पोर्टलवर पडताळून घेतलेल्या बँक खात्यातच. पॅनवर वडिलांचे नाव मधे आणि पासबुकावर नुसते नाव-आडनाव, अशी तफावत असली की पडताळणी अडते, म्हणून ते काम आधी उरका. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरलेले न भरल्यासारखे. ३१ जुलैची तारीख हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते. त्यानंतर मामला अवघड होतो.

पाडव्याला गाडी घेणाऱ्यांनी एक पाहावे. गुढीपाडवा कधी मार्चात येतो, कधी एप्रिलात. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. मार्चात बिल झाले तर टीसीएस त्याच सरत्या वर्षाचा, चार-सहा महिन्यांत परतावा. एप्रिलात झाले तर वर्षभर थांबणे आले. आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे दिले आहेत ते कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे. सल्लागाराकडे गेलात तर नंबर न सांगता "गाडीवरचा टीसीएस" म्हणा, त्याला कळेल.

पायरी ६: धंदा असेल तर घसारा

कृषी केंद्र, जिनिंगची दलाली, दवाखाना, बांधकामाचे ठेके, असे करपात्र काम असेल आणि त्याची वह्या ठेवून विवरणपत्र जात असेल, तर गाडीवर दरवर्षी १५ टक्के घसारा वजा करता येतो. टॅक्सी म्हणून भाड्याने चालवली तर ३० टक्के. कर्जाचे व्याज, विमा, पेट्रोल, दुरुस्तीही खर्चात येते. हे जुन्या आणि नव्या, दोन्ही करप्रणालींत चालते. हायब्रिड आणि साधी पेट्रोल गाडी यांत इथे फरक नाही.

हिशेब बघा. १६ लाखांची गाडी, पहिल्या वर्षी १५ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. गाडी पाऊण कामाला आणि पाव घरच्या लग्नकार्याला धावते असे धरले तर १ लाख ८० हजार खर्चात येतील. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ३६ हजारांचा कर वाचला. घरगुती वापराचा भाग वगळणे कायद्यानेच आहे. शंभर टक्के धंद्याची दाखवलेली एकुलती एक गाडी तपासणीत पहिली डोळ्यावर येते. टीसीएसची रक्कम गाडीच्या किमतीत धरू नका, ती परत मिळणार आहे.

यात तारखेचा मोठा खेळ आहे. गाडी त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. ३१ मार्चपासून मागे मोजले तर साध्या वर्षात ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख निघते. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, त्या दिवशी गाडी दारात आणून कामाला लावणाऱ्याला पूर्ण २ लाख ४० हजार. दिवाळीची वाट पाहणाऱ्याला १ लाख २० हजार. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे, तेव्हा मुहूर्त पाळला की निम्मेच. उरलेले बुडत नाही, पुढच्या वर्षांत येते, पण पहिल्या वर्षीचा फायदा सरकतो. बुकिंगची तारीख मोजत नाहीत, गाडी वापरात आणल्याची मोजतात.

बहुतेक छोटे दुकानदार मात्र कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा दाखवून मोकळे होतात. त्यांना घसारा वेगळा मिळत नाही, तो त्या ८ टक्क्यांत आलाच असे धरले जाते. गाडी घेतली म्हणून त्यांच्या करात काहीही बदलत नाही. डॉक्टर-वकिलांच्या ४४एडीए लाही हेच लागू.

"बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर टाकून घ्या, साडेचार लाखांचं क्रेडिट भेटते" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरचे हे क्रेडिट, म्हणजे खरेदीत दिलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वळता करून घेणे, कायद्यानेच बंद आहे. गाड्यांचा व्यापार, प्रवासी वाहतूक आणि ड्रायव्हिंग स्कूल, एवढ्यांनाच ते खुले आहे, आणि वाहतूकवाला ५ टक्क्यांच्या दराने जीएसटी भरत असेल तर त्यालाही नाही.

पायरी ७: पैसे कसे द्यायचे

व्यापाऱ्याकडून कापसाचे रोख आलेले पैसे पिशवीत घालून शोरूमला जाऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे विक्रेत्याला मना आहे, घेतले तर तेवढाच दंड त्याला. चार दिवसांत चार पावत्या फाडल्या तरी व्यवहार एकच धरला जातो. धंद्याच्या गाडीसाठी एका दिवसात एकाला १० हजारांवर रोख दिली तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून गळते, म्हणजे त्यावर घसारा नाही. पैसे आधी खात्यात भरा, बाजार समितीची किंवा खरेदी केंद्राची पावती जपून ठेवा, आणि शोरूमला बिलावर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यातून आरटीजीएस करा.